गल्लीचा फोन

यशोधराच्या पुढ्यातली पाटी पुन्हा किंचाळली, खोकल्याची उबळ आलेल्या म्हाताऱ्यासारखी खरखरली आणि एकाएकी गप झाली. चांगुणाबाई तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला. किंचाळण्याची तिला आता सवय झाली होती. गप होण्याची मात्र झाली नव्हती. पाटी गप झाली की सुनेच्या मानेवरची शीर टरारून वर यायची, आणि ती शीर दिसली की चांगुणाबाईच्या पोटात काहीतरी तळाला जायचं, विहिरीत कळशी सुटावी तसं. लॅपटॉप म्हणतात त्याला, हे तिला ठाऊक होतं. ती काही गावंढळ नव्हती. पण उघडझाप होणाऱ्या काळ्या चौकटीला दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं पाटी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पुण्याच्या औषध कंपनीनं ती सोमवारी पाठवली. बाईमाणसाच्या हाती असली पाटी जिल्ह्यात दुसरी नसंल, असं चांगुणाबाईनं गल्लीत चार घरी सांगितलं आणि पाचव्या घरी कुणी विचारलं नाही तरी सांगितलं. दिवसभर डॉक्टरांकडं, दुकानांकडं हिंडून यशोधरा जी माहिती जमवते ती रोज संध्याकाळी फोनच्या तारेतून पुण्याला धाडायची, एवढंच काम. ते अजून एकदाही पार पडलं नव्हतं. आणि काल तिथल्या साहेबानं गोड आवाजात सांगितलं होतं की उद्या साडेपाचपर्यंत आलं नाही तर भिंगारची लाइन ह्या कामाची नाही असं समजू, मॅडमनी पुण्यालाच राहायला यावं, खोली कंपनी बघेल. खोली कंपनी बघेल! म्हणजे सून जाणार, तिच्यामागं तिचा नवरा सम्राट लष्कराच्या डेपोत बदलीसाठी नाक घासणार, आणि आज्जीच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय न झोपणारी त्यांची दीपा पुण्यात कुणाच्या पोटावर पाय टाकणार?

"काय म्हनती ती?" चांगुणाबाईनं विचारलं.

"कनेक्शन तुटलं म्हणते."

"आपलं?"

यशोधरा हसली नाही. "लाइनचं, आई."

"लाइनला काय धाड भरलीय? सकाळधरनं मी बोलतीय तिच्यावर. खणखणीत हाय."

लाइनला कुणी बोल लावला की चांगुणाबाईला तो आपल्या कुळाला लावल्यासारखा वाटे. बुद्धाच्या तसबिरीखाली, तिनं स्वतः विणलेल्या लोकरीच्या रुमालावर तो पिवळट फोन बसलेला असे. रंभाजी, तिचा नवरा, डेपोत फिटर होता. फोनचा अर्ज करून, वाट बघून बघून तो गेला आणि फोन त्याच्या माघारी आला. लाइनमननं तार ओढली त्या दिवशी चांगुणाबाई रडली नाही. तिनं ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की हा फोन कुणा एकाचा नाही. तेव्हापासून गल्लीतल्या लग्नपत्रिकांवर, पोरांच्या नोकरीच्या अर्जांवर तिचा नंबर जाई आणि पुढं 'पी. पी. चांगुणाबाई', म्हणजे फोन शेजारचा, असं लिहिलेलं असे. आता आणखी दोन घरांत फोन आले होते, पण ती दार लावून बोलणारी घरं. निरोप तिच्याकडंच यायचे. फोन वाजला की रिसीव्हर तिनंच उचलायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही; कोण, कुठनं, कशासाठी हे आधी तिनं ऐकायचं आणि मग ओट्यावर येऊन हाक मारायची. लोक धावत यायचे ते तिच्या तोंडाकडं बघत. गेलं का आलं, पास का नापास, हे तिनं बोलण्याआधी तोंडावरून ओळखायला बघायचे, आणि ती तोंड पाट्यावरवंट्यासारखं ठेवायची. त्या दगडावर तिची मालकी होती. गेल्या दिवाळीत लाइन गुंतली म्हणून कुणाचा तरी एक फोन हुकला, तर ती टेलिफोन हापिसात जाऊन बाकड्यावर बसून राहिली. एक बोलणं चालू असताना दुसरा फोन आला तर कानात टुक् वाजतं, ती सोय मला पाहिजे, म्हणाली. साहेब म्हणाला, आजी, हे मोठ्या धंदेवाल्यांना लागतं. ती म्हणाली, माझा बी धंदाच हाय, निरोपाचा. टुक् घेऊनच उठली. त्या दिवसापासून भिंगारातल्या ह्या गल्लीचा एकही फोन हुकला नव्हता, आणि ते ती कुणालाही ऐकवायला कमी करत नसे.

यशोधरानं पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला. ह्याही गोष्टीची चांगुणाबाईला गंमत आणि चीड, दोन्ही वाटे. त्या पोराला विचारायचं तर लाइनवर बोलावं लागे, आणि त्यानं सांगितलेलं करून बघायचं तर लाइन सोडावी लागे; म्हणजे वैद्यानं नाडी बघायला हात धरायचा आणि औषध द्यायला सोडायचा, तोवर रोगी दुसराच होऊन बसतो. पहिल्या दिवशी पाटी म्हणत होती की लाइनला आवाजच नाही. चांगुणाबाईनं रिसीव्हर उचलला, तो भरलेल्या मधाच्या पोळ्यासारखा गुणगुणत होता. तिनं तो पाटीच्या अंगाशी धरला, म्हणाली, "हे घे, ऐक, बहिरे!" मग इंजिनियरनं सांगितलं की ही परदेशी मशीन आहे, तिला आपल्याकडचा आवाज ओळखू येत नाही, आवाजाची वाट न बघता नंबर फिरव, असं तिला सांगावं लागेल. यशोधरानं सांगितलं. मग पिन सैल निघाली. मग सम्राटनं नगरहून दुतोंडी पिन आणली, म्हणजे एक तोंड फोनला, एक पाटीला. आता पाटी किंचाळायची, पलीकडून पुण्याची पाटी किंचाळून ओ द्यायची, दोघींचं जमलं असं वाटायचं, माहिती निम्मी-अर्धी जायची, आणि मग खरखर, आणि मग ते गप होणं.

"नाही सर, पिन बदलली... हो, तेही केलं... नाही, अधेमधेच तुटतंय." यशोधराचा आवाज एकेका वाक्याला बारीक होत गेला. चांगुणाबाईला तो बारीक आवाज सहन होईना. ह्या पोरीला तिनं पसंत केलं होतं ते बोलण्यावर. बघायला गेल्यावर चांगुणाबाईनं विचारलं होतं, स्वयंपाक येतो का? तर ती म्हणाली होती, येतो, पण तुमच्या मुलाला येतो का? घरी परतताना चांगुणाबाई एसटीत एकटीच हसत होती. ती पोर आता कुणा अनोळखी पोराला सर, सर करत होती, आणि खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून धान्याच्या कणगीच्या गळ्यापर्यंत आलं होतं. ऊन कणगीच्या बुडाला टेकलं की साडेपाच.

यशोधरानं रिसीव्हर ठेवला आणि पाटीवरून नंबर फिरवला. किंचाळणं, ओ, खरखर, गप. आणि पाटी गप होते न होते तोच फोन वाजला. चांगुणाबाईनं सूप सारलं, गुडघ्यावर हात रोवून उठली, तीन पावलांत फोनपाशी पोचली. आज ती दुपारपासून एकाच फोनची वाट बघत होती, आणि तो हा नव्हता. सूर्यभान शिंप्याच्या बहिणीचा होता, ब्लाऊज कधी धाडतोस म्हणून. चांगुणाबाईनं तिला चार शब्दांत वाटेला लावलं आणि वळली, तर दारात कडूबाई उभी. पदराचं टोक मुठीत, डोळे चांगुणाबाईच्या तोंडावर.

"तुझा न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "बस."

"व्हय आक्का," म्हणून कडूबाई परत ओट्यावर जाऊन बसली. ती पाथर्डीकडची, गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहून डेपोच्या क्वार्टरांमधली धुणीभांडी करायची. तिचा पोरगा गहिनीनाथ बायकोला घेऊन काष्टीकडं उसाच्या फडावर गेला होता. बायको दिवसांत होती. मुकादमानं उचल दिलेली, दिवस भरेपर्यंत कोयता थांबवता येईना. काल रात्री कळा सुरू झाल्या, जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, मूल आडवं आहे म्हणतात. सकाळी गहिनीनाथचा फोन आला होता, बूथवरून. दुपारनंतर परत करतो म्हणाला. नीट झालं तर येऊ नको, तुझी कामं बुडतील; बिघडलं तर संध्याकाळच्या एसटीनं ये. संध्याकाळची एसटी सहाला, तीच शेवटची. तेव्हापासून कडूबाई ओट्यावर बसून होती. चहा दिला तर निम्मा बशीत राहिला. मधेच म्हणाली होती, "आक्का, फोन बिघाडला तर न्हाई ना?" आणि चांगुणाबाईनं तिला फाडून खाल्लं होतं, "माझा फोन कवा बिघाडलाय?"

काष्टी. सकाळपासून हे नाव तिच्या अंगात कुसळासारखं टोचत होतं. काष्टी तिचं माहेर. बाप विहिरी खोदायचा. त्याच्या हाताला सुरुंगाच्या दारूचा वास यायचा, धुतला तरी जायचा नाही, आणि त्या हातानं भरवलेला घास तिला जळका लागायचा. धर्म बदलला त्या वर्षी त्यानं घरातले देवांचे टाक एका फडक्यात बांधले आणि पोरीला म्हणाला, चल, ह्यांना पोचवून येऊ. नदीवर जाऊन पाण्यात सोडले आणि परत येताना तिला खांद्यावर घेतलं, मोठी झाली होती तरी. तो गेला तेव्हा ती भिंगारात नवी होती. भावानं सोसायटीच्या फोनवरून पेठेतल्या एका दुकानात निरोप दिला, कारण रंभाजी त्या दुकानातून किराणा भरायचा आणि फोन तेवढा तिथंच होता. बाप गेला, माती संध्याकाळी, चांगुणाला धाडा. ती दुसऱ्या दिवशी गूळ आणायला गेली. दुकानदार गूळ तोलत होता. काटा स्थिर व्हायची वाट बघता बघता म्हणाला, "अगं, काल तुझा फोन होता काष्टीचा. तुझा बाप गेला म्हणे." काटा हलत होता. तो थांबल्यावर त्यानं गूळ कागदात बांधला. सराफाच्या घरचा निरोप असता तर पोऱ्या सायकलवर पळाला असता, हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. "आमच्या वस्तीत निरोप द्यायला पाय मोडले का तुमचे?" असं ती नंतर हजारदा मनात बोलली, दर वेळी आणखी धारदार. त्या दिवशी मात्र ती गूळ घेऊन घरी आली होती. बापाचं तोंड बघायचं राहिलं. आणि पुढं इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या निरोपांना पाय लावले, त्याला लोक चांगुणाबाईचा चांगुलपणा म्हणायचे. तो चांगुलपणा नव्हता. तो त्या दुकानदाराशी चाललेला वाद होता, आणि रोज ती तो जिंकत होती.

पाटी किंचाळली. ओ आली. माहिती जाऊ लागली. खरखर. गप. आणि लगेच फोन.

चांगुणाबाई उचलायला गेली तर यशोधरा म्हणाली, "आई, थांबा." तिचा आवाज बदलला होता. "घ्या, घ्या फोन. पण मला सांगा, प्रत्येक वेळी हे तुटलं की लगेच कुणाचा तरी येतोच, होय ना? मगाशी शिंप्याच्या बहिणीचा. काल तुटलं तेव्हा आबासाहेबांच्या जावयाचा. परवा त्या गॅसवाल्याचा."

फोन रॉंग नंबर निघाला. चांगुणाबाईनं ठेवला. "येनारच की. पाटी बाजूला झाली म्हनून वाट मिळती त्यांना."

"उलटं आहे, आई. ते आले म्हणून पाटी बाजूला होते." यशोधरा उठून उभी राहिली. "तुमचं ते टुक्. आपण बोलत असताना टुक् वाजलं तर आपल्याला कळतं की दुसरा फोन आहे. हिला नाही कळत. हिच्या बोलण्यात मधेच टुक् झालं की हिचं वाक्य तुटतं. लाइन चांगलीच आहे. लाइन जास्तच चांगली आहे."

चांगुणाबाईला आधी राग आला. मग रागाच्या खालून काहीतरी थंड वर आलं. म्हणजे इतके दिवस ह्या पोरीची मान जी खाली जात होती ती आपल्या टुकनं. बाकड्यावर बसून मिळवलेल्या टुकनं.

"मग?"

"काही आकडे दाबले की ती सोय बंद होते. माझं काम झालं की परत चालू करायची." यशोधरानं ओट्याकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "तेवढ्या वेळात कुणी फोन केला तर त्याला गुंतलेला लागेल."

ऊन कणगीच्या पोटावर होतं. चांगुणाबाईच्या डोळ्यांपुढं काष्टीचा बूथ आला. तिनं तो कधी पाहिला नव्हता, पण काच, काचेत गहिनीनाथ, हाताला उसाच्या पात्यांचे चरे, मागं रांग. लावतो. गुंतलेला. बूथवाला म्हणतो, सरा बाजूला, दुसऱ्यांना लावू द्या. तो सरतो. दवाखान्यात परत जातो. सहाची एसटी नगर सोडते. दुसऱ्या बाजूनं दीपा पुण्याच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजलेली दिसत होती. दोन्ही चित्रं एकमेकांत घुसू लागली. तिला वाटलं, कडूबाईला काय कळणार आहे? फोन आला नाही म्हणजे आला नाही. टुक् बंद होतं का चालू होतं हे ह्या गल्लीत कुणालाही कधीही कळणार नाही. हा विचार किती सहज आला, कसा गुळासारखा तोंडात विरघळला! त्याच्या गोडीनंच ती दचकली.

ती ओट्यावर गेली. कडूबाई चटकन उठली.

"आला व्हय?"

"न्हाई. ऊठबस करू नको सारकी. तुला इचारायला आले." इचारायला हा शब्द तिच्या तोंडातून असा निघाला की तिला स्वतःलाच परका वाटला. "सुनंचं काम अडलंय. त्यासाठी फोन जरा येळ बंद ठिवावा लागतोय. तेवढ्यात गहिनीनं लावला तर त्याला लागनार न्हाई. ठिवू का नको, तू सांग."

कडूबाई तिच्याकडं बघत राहिली. "मी सांगू?"

"फोन तुझा येनार हाय. मग कोन सांगनार, शिंपी?"

"आन मी न्हाई म्हनले तर?"

"तर न्हाई." आत यशोधरानं ते ऐकलं असणार. ऐकू दे.

कडूबाईनं रस्त्याकडं पाहिलं, जसा फोन तिकडूनच चालत यायचा होता. मुठीतल्या पदराला पीळ दिला. "लई येळ लागंल?"

"दोन भाकरी व्हतील एवढा."

"तुमच्या भाकरी का माझ्या? तुमची भाकर लई जाड आसती वो आक्का." एवढ्यातही ती हे बोलली. मग म्हणाली, "थापा. बिगीबिगी थापा."

यशोधरा आकडे दाबायला गेली. चांगुणाबाईनं तिचं मनगट धरलं. "माझ्या बोटानं. सांग कुठले." तिनं एकेक आकडा दाबला, शेवटचा जरा जास्तच वेळ. मग पाटी किंचाळली.

चांगुणाबाई फोनसमोर उभी राहिली. इतका गप फोन तिनं कधी पाहिला नव्हता. रोजचा गप फोन म्हणजे झोपलेलं माणूस. हा तोंड दाबून धरल्यासारखा होता. कानात टुक् वाजलं. मग पुन्हा. तिला ठाऊक होतं की ते लाइनवर नाही, आपल्या डोक्यात वाजतंय, तरी प्रत्येक टुकला बूथच्या काचेत गहिनीनाथ हातातली चिठ्ठी बघून पुन्हा आकडे फिरवताना दिसायचा. आणि त्याच्यामागं तो दुकानदार. इतकी वर्षं ती त्याच्या तोंडावर वैर शोधत आली होती, कारण वैराशी भांडता येतं. आत्ता तिला त्याचं तोंड जसंच्या तसं दिसलं. त्यावर वैर नव्हतं. काही नव्हतं. तो काट्याकडं बघत होता. त्याचं काम चालू होतं. आमच्या वस्तीपेक्षा गूळ जड होता, एवढंच. आणि भाऊ? भावानं पुन्हा फोन केला होता का? चांगुणा आली नाही, निरोप पोचला का, असं कुणी परत विचारलं होतं का? हे तिच्या मनात आजवर एकदाही आलं नव्हतं. ते कुठून आता आलं? ओट्यावर कडूबाई खोकली. चांगुणाबाईनं तिकडं पाहिलं नाही. तिला भीती वाटली की कडूबाई आपल्या तोंडाकडं बघेल आणि आज तिथं दगड सापडणार नाही.

"गेलं," यशोधरा म्हणाली. मग स्वतःला पटवल्यासारखं, "सगळं गेलं, आई. तिकडून मिळालं म्हणून आलं." तिच्या मानेवरची शीर खाली बसली. चांगुणाबाईनं हे पाहिलं, पण आनंद व्हायला तिला फुरसत नव्हती. "आकडे," ती म्हणाली. "परत चालू करायचे आकडे सांग, लवकर."

तिनं ते दाबले. रिसीव्हर ठेवला. फोन वाजला नाही. आतापर्यंत प्रत्येक वेळी लगेच वाजला होता, आता वाजला नाही. ऊन कणगीच्या बुडाला टेकलं आणि तिथून जमिनीवर सांडलं. डेपोचा भोंगा झाला, सायकलींच्या घंट्या गल्लीतून गेल्या. कडूबाई म्हणाली, "यष्टीला निघू का मी आक्का, तशीच?" आणि चांगुणाबाईनं दारातूनच मागं वळून फोनकडं पाहिलं. यशोधरा आतून म्हणाली, "मी सोडते तुम्हाला स्टँडवर, थोडं थांबा." ती चप्पल शोधू लागली.

तेव्हा तो वाजला.

चांगुणाबाईचा हात सवयीनं पुढं झाला, रिसीव्हरवर पडला, त्याच्या वाजण्याची थरथर कोपरापर्यंत चढली. आणि तिथंच राहिला.

"कडूबाई," तिनं हाक मारली. "आत ये. तू उचल."

"मी?"

"तू."

कडूबाईनं पदराला हात पुसले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, भरलेला तांब्या धरावा तसा, आणि कानाला लावला. "कोन? ...व्हय रं, मीच. मीच हाय." मग ती ऐकत राहिली. पलीकडचा आवाज माशी घोंगावल्यासारखा बाहेर येत होता, त्यातला शब्द कळत नव्हता. चांगुणाबाई समोर उभी होती. इतकी वर्षं गल्लीनं तिचं तोंड वाचलं होतं. आता ती कडूबाईचं वाचायला बघत होती आणि तिला एक अक्षर लागत नव्हतं. ह्या बाईच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या आहेत हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. कडूबाई रिसीव्हर जरा बाजूला करून म्हणाली, "मगाशी लावला हुता म्हनतो. लागंना म्हनतो."

चांगुणाबाई एक पाऊल पुढं सरली. "मग?"

"मग काय. तितंच उभा ऱ्हायला, परत लावला." आणि तिनं पुन्हा कान लावला. तिचा पदर तोंडात गेला. खांदे हलू लागले. हसते की रडते, कळेना.

"अगं पन ती कशी हाय? लेकरू कसं हाय? बोल की!"

कडूबाईनं तिच्याकडं न बघता एक हात वर केला, पंजा उघडा, चांगुणाबाईच्या तोंडासमोर.

"थांबा वो आक्का जरा," ती म्हणाली.

ह्या घरात चांगुणाबाईला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. ती थांबली.